दुहेरी पाच

बेलो ओरिझोन्ते, सांता तेरेझाचा चढ, गुरुवार दुपार.
पोरगं दारात उभं. गिटार चादरीत गुंडाळलेली,
पाय मोडलेलं कुत्रं आणावं तशी.
'सगळ्या तारा एकदम काढल्यास ना?'
चादर न उघडताच झुल्मिरानं विचारलं.
पोराची मान खाली. नाव एवांद्रो, वय सतरा.
शनिवारी वाजवायचंय,
बँडचे काळे टी-शर्ट छापूनसुद्धा झालेत.

चादर सुटली.
ब्रिज पोटात घुसलेला,
मागच्या तीन स्प्रिंगांनी आत ओढून घेतलेला.
रस्सीखेचीत समोरच्यांनी अचानक दोर सोडावा
आणि जिंकणारेच उताणे पडावेत, तसं.

झुल्मिरा हसली नाही.
बावीस वर्षं खाणीच्या वर्कशॉपात काढलीत तिनं,
लोखंड फसवलं गेलं की कसं दिसतं, तिला ठाऊक.

खणातून तिनं काढली डॉमिनोची एक सोंगटी,
दुहेरी पाच, कडा झिजलेल्या.
बापाचा संच. बाकीच्या सत्तावीस कुठे गेल्या कोण जाणे.
ब्रिज अंगठ्यानं उचलून शेपटीखाली सरकवली.
बसली.

मग नवी तार. टोकाचा पितळी मणी
कटरनं कचकन उडवला.
'अहो, तो तर...'
'इथं मणी चालत नाही. इथं नुसत्या तारेला
चिमटीत धरतात.'
मणी घरंगळत टेबलाखाली गेला,
तिथे आधीचे शेकडो.
वर्षातून एकदा ती ते झाडून डब्यात भरते,
फेकत मात्र नाही.

षट्कोनी किल्ली तिच्या गळ्यात दोऱ्याला,
शेजारणी संताचं पदक घालतात त्या जागी.
एकेक तार चिमटीत, एकेक खुंटीला पिळली,
ओढून ताणून पुन्हा लावली, पुन्हा ओढली.
सोंगटी खाली आहे तोवर
सगळ्या शहाण्या मुलींसारख्या.

'आता बघ.'
गिटार आडवी घेऊन तिनं मागचे स्क्रू सैल केले,
पाव फेरा, पाव फेरा,
आणि दुहेरी पाच आपसूक गळून पडली.
ब्रिज तरंगला. तारा एका बाजूनं, स्प्रिंगा दुसऱ्या,
आणि मध्ये एवढंसं पातं, कुणाचंच नसलेलं.

आता खरी कटकट.
जाडी तार वर चढवली की पाची बारक्या उतरतात.
बारकी ओढावी तर जाडी रुसते.
पाऊण तास.
बाहेर केळीवाला दोनदा ओरडून गेला.

'दोना झुल्मिरा, शनिवारी मध्येच एक तुटली तर?'
'तर उरलेल्या उतरत नाहीत. चढतात.'
'चढतात?'
'ओढणारं एक कमी झालं, मागच्या स्प्रिंगा तेवढ्याच.'
ती थांबली. किल्ली दाताखाली धरली.
नवरा गेला त्या साली घरात चार जणं उरली होती,
आणि मीठ मागायचं तरी
सगळ्यांचा आवाज एक पट्टी वर.
हे ती बोलली नाही.
'वाजवत राहायचं,' म्हणाली, 'गाणाऱ्याला आधीच सांगून ठेव.'

मानेवरची तीन कुलुपं आवळली.
एवांद्रोनं वरची खुंटी पिळून पाहिली,
सूर ढिम्म. 'ही आता शोभेला,' ती म्हणाली,
'दुखलं-खुपलं तर ब्रिजवरचे बारके स्क्रू.'

त्यानं दांडा दाबला.
तारा दोरीवरच्या ओल्या कपड्यांसारख्या लोंबल्या,
पोटातून म्हशीसारखा हंबरडा.
सोडला,
आणि सहाही जिथल्या तिथे.
तो काही बोलला नाही. पुन्हा दाबला.

पैसे थोडे कमी होते. तिनं मोजले नाहीत, ठेवले.
चादरीची घडी करून तो चढ उतरून गेला.

संध्याकाळी टेबल आवरताना
दुहेरी पाच कुठंच नव्हती.
खाली वाकून पाहिलं: मणी, मणी, मणी.
'चोरटा,' ती म्हणाली, पण रागावून नाही.
खण उघडला. एक जुनी, संपलेली नऊ व्होल्टची बॅटरी.
कुणाच्या तरी ब्रिजखाली घालून पाहिली.
बसली.